पहिलीतलं मूल आणि ‘द्राक्ष’

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातल्या, निफाड-दिंडोरीकडच्या मुलाला द्राक्ष हा शब्द शाळेत यायच्या आधीपासून पाठ असतो. लिहायला मात्र तो महाकठीण. आधी द्र, मग क्ष, आणि क्षमध्ये ना क दिसतो ना ष. मूल कानाला आलं तसं ‘दराकश’ लिहितं. त्यावर बाई काय करतात, यावरून त्या वर्गाची पद्धत कळते.

गिरवण्याच्या पद्धतीत हा प्रसंग येतच नाही. तिथे ग म भ न, मग व ब क, असे सारख्या वळणाचे गट. हाताला हा क्रम सोयीचा आहे. उलट क-ख-ग ने सुरुवात केली की ख दुसऱ्याच दिवशी समोर येतो आणि ‘खा’चा ‘रवा’ होतो. दुरेघी वहीत रोज दहा मिनिटं, चार-पाच ओळी पुरेत. पानभर दिलं, की तिसऱ्या ओळीपासून मूल नमुना पाहत नाही, स्वतःचीच वरची ओळ उतरवतं आणि बिघडलेलं वळण पक्कं होतं. शिरोरेषा शब्द संपल्यावर एकदाच. पण हे सुलेखन झालं. सुंदर अक्षरात फळा उतरवणाऱ्या मुलाला ‘काल काय केलंस ते लिही’ म्हटलं, की पेन्सिल तोंडात जाते.

शब्दापासून अक्षराकडे जाणारी पद्धत घड, मणी, वेल, बाग असे ओळखीचे शब्द घेते. अर्थ हाताशी असतो, पण अक्षरं सुटी करून नवे शब्द जुळवले नाहीत तर मूल चित्रावरून अंदाज मारतं.

तिसरी वाट स्वलेखनाची: आधी चित्र, मग त्याखाली स्वतःचं एक वाक्य. समजा, मुलाने लिहिलं, ‘आमचया बागेत बाबा फवारा मारत्यात’. लाल पेन बाजूला ठेवून आधी विचारावं, कशाचा फवारा? पाठीवर पंप की ट्रॅक्टर? उत्तरातून दुसरं वाक्य मिळतं. मग एकच दुरुस्ती, ‘च्या’. चचा दंड काढला की अर्धा च, त्याला या जोडायचा. त्या, ग्या, म्या याच युक्तीने येतात, म्हणून जोडाक्षरांची सुरुवात दंडवाल्यांपासून करावी. द्र, क्ष मागाहून. तोवर ‘दराकश’ खाली बाईंनी बारीक अक्षरात ‘द्राक्ष’ लिहून ठेवलं तरी चालतं. मूल-मुलं, मीठ-मिठाचं हे ऱ्हस्व-दीर्घ तर आणखी पुढचं.

सुलेखन आणि स्वलेखन दोन्ही हवीत, मात्र एका तासात नकोत. वळणाकडे लक्ष गेलं की वाक्य आखडतं.

आणि ‘मारत्यात’? पहिलीत त्याला हात लावू नये. ती चूक नाही, घरची बोली आहे. ‘मारतात’ पाठ्यपुस्तकात वाचायला मिळेलच.