तुम्ही विचारलंत म्हणून: चावीवाल्याला मोह होत नाही का?

कानस चालू असली की समोरचा माणूस हमखास विचारतो, "कुठलंही कुलूप उघडता तुम्ही, कधी मोह होत नाही?" बावीस वर्षं ऐकतोय. आधी हसायचो. मग "हे डॉक्टरला विचाराल का?" म्हणायला लागलो. आता तेही नको वाटतं, म्हणून एकदाच लिहितो.

मुळात आम्हाला धड नावही नाही. लोखंडाचा लोहार, सोन्याचा सोनार. कुलपाचं काम करणारा मात्र नुसता 'चावीवाला', भाजीवाल्यासारखा. त्यातही चावी पोर्तुगीजांची आणि कुलूप अरबी 'कुफ्ल'चं. किल्ली काय ती घरची. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर मी 'हार्डवेअर' लिहितो. लाज वाटते म्हणून नव्हे, असं लिहिणार होतो. वाटते थोडी.

आता मोह. चोराला माझी विद्या लागतच नाही. हजाराचं कुलूप तुम्ही दोन गंजक्या स्क्रूंच्या कोयंड्याला लावता. तो पहार घालतो, कोयंडा उचकटतो, मोकळा होतो. माझ्यासारखं तासभर बसायला त्याला सवड कुठली?

हे सगळं खरं आहे. पण पाटल्यांचं मी कुणाला सांगत नाही.

2011 ची गोष्ट. दुपारी एकजण स्कूटर घेऊन आला. "मिसेसनं लॉकरची किल्ली हरवली." घर त्याचंच होतं. दारावर नावाची पाटी, शेजारच्या आजी त्याला "आज लवकर आलास रे?" म्हणाल्या. कपाट उघडंच होतं, आतला लॉकर बंद. कोरी चावी मेणबत्तीवर धरून काळी केली, आत घालून जरा जोर देऊन फिरवली, बाहेर काढली. कुलपातलं लिव्हर, म्हणजे आतली पट्टी, जिथं अडतं तिथली काजळी पुसून पितळ चमकतं. तेवढ्याच जागी कानस मारायची. पुन्हा काळी करायची, पुन्हा आत. दहा-बारा खेपा झाल्या. लॉकर सुटतो ते कानाआधी बोटांना कळतं. तेव्हा मला आनंद झाला होता, तोही सांगायला हवा. त्यानं तीनशे रुपये घासाघीस न करता दिले. पुण्यात एवढ्यावरूनच मला शंका यायला हवी होती.

चौथ्या दिवशी बाई आल्या. किल्ली हरवलीच नव्हती, त्यांच्या पर्समध्ये होती. माहेरी जाताना बरोबर नेली होती. आईनं दिलेल्या पाटल्या गेल्या होत्या. ओरडल्या नाहीत. "मला एक फोन करायचा होतात," एवढंच म्हणाल्या.

मी म्हणालो, "वहिनी, घर त्यांचंच आहे ना?"

हे मी बोललो.

तेव्हाचा मी अजून भांडतो: नवराबायकोच्या मधे चावीवाल्यानं का पडायचं? अरे, पडलासच की तू, तीनशे घेऊन. आता मी आधार कार्ड बघतो, शेजाऱ्याला उभं करतो. पण आधारवर पत्ता असतो, पाटल्या कुणाच्या ते नसतं.

गेल्या महिन्यात एक ताई आल्या. नवऱ्याचं कपाट उघडून हवं होतं, आत त्यांचीच कागदपत्रं आहेत म्हणाल्या. मी नाही म्हणालो. संध्याकाळी दुकान बंद करून निघालो, तर पुढच्या चौकातल्या चावीवाल्यापाशी त्या उभ्या होत्या.