आजोबांचे कळसदर्शन

माझ्या आजोबांनी 1947 नंतर पंढरपूरच्या देवळात पाऊल ठेवले नाही. वारी मात्र त्यांनी चुकवली नाही. आळंदीपासून वीणा गळ्यात घालून ते चालत, चंद्रभागेत स्नान करीत, नगरप्रदक्षिणा पूर्ण करीत आणि महाद्वारासमोर उभे राहून कळसाला हात जोडून मागे फिरत. आषाढीच्या गर्दीत असंख्य वारकरी कळसाच्याच दर्शनावर समाधान मानतात, त्यामुळे आमच्या घरचा हा नकार दिंडीतही कोणाच्या फारसा नजरेत आला नाही. घरात मात्र तो सर्वांना ठाऊक होता. त्या वर्षी 1 मे रोजी साने गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले, 10 मे रोजी ते सुटले आणि ज्यांना पिढ्यानपिढ्या दाराबाहेर थांबवले होते त्यांच्यासाठी मंदिराचे दार उघडण्याचे ठरले. त्याच सुमारास सनातनी मंडळींत अशी कथा फिरू लागली की मूर्तीतले देवत्व मंत्रांनी घागरीतल्या पाण्यात काढून घेतले आहे आणि आत आता केवळ दगड उरला आहे. आजोबांनी ती कथा खरी मानली.

वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ती खरी मानली नसावी. अण्णांच्या काळात आमच्या दिंडीच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो हे कोणी पाहत नसे आणि तशी विचारणा करणाऱ्याला अण्णा सरळ उठवून वाढपाला लावीत. 2014 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क कायमचे संपले. ज्या कायद्याने ते संपवायचे होते तो 1973 सालचा, म्हणजे निकाल लागेपर्यंत चाळीस वर्षे उलटून गेली होती. पुढे काही महिन्यांत मंदिर समितीने पूजेसाठी सर्व जातींच्या पुरुषांकडून आणि स्त्रियांकडूनही अर्ज मागवले. ती बातमी अण्णांनी मोठ्याने वाचली आणि ‘बरे झाले’ एवढेच म्हणाले. तरीही त्या आषाढीला ते महाद्वारातूनच परतले. परतीच्या एसटीत मी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, “आबा गेले नाहीत, मी कसा जाऊ?” श्रद्धा केव्हाच संपली होती; मागे वडिलांचा मान राखण्याची शिस्त तेवढी उरली होती, आणि शिस्तीपुढे कोणताही युक्तिवाद चालत नाही हे मला त्या दिवशी कळले. गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. यंदा वीणा माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर तो नकारही आला.

पुण्यातला मुक्काम, दिवे घाटातला पाऊस, सासवड, जेजुरीचा भंडारा, नीरा स्नान, चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण, हे सारे वाचकांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे. मला त्यातले आठवते ते तुटक. टँकरच्या नळाशी रोज पहाटे होणारी ढकलाढकली आठवते आणि तिचा रोज येणारा संताप आठवतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे फलक आठवतात, ज्यांवर पांडुरंग कोपऱ्यात आणि स्वागतोत्सुक नेते मध्यभागी होते. माउलींच्या वाटेवर एवढे चेहरे टांगण्याचा अधिकार कोणत्याच पक्षाला असू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्याच फलकांखाली लोकांनी न्याहारीची पातेली मांडलेली असत, वाढणारी पोरे हातापाया पडून आग्रह करीत, आणि खाऊन पुढे निघताना मघाचा राग कुठे गेला ते समजत नसे.

फलटण सोडले तेव्हा डाव्या टाचेखाली नुसते हुळहुळत होते. बरड ते नातेपुते या चालीत, धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरल्यावर, त्या जागी रुपयाएवढा फोड आला होता आणि उजव्या पायाने सगळा भार घेतल्यामुळे उजवा गुडघाही धरला होता. पाऊस ओढ देऊन बसला होता. या वाटेवर पूर्वी वड आणि चिंचा होत्या. चौपदरीकरणात बरीच झाडे गेली आणि नवी लावलेली अजून माणसाच्या उंचीचीही झालेली नाहीत. काँक्रीट तापले की त्याची आच वहाणेतून वर येते. मी वीणा मागच्या गड्याच्या गळ्यात दिली आणि ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’च्या ठेक्यावर पाऊल टाकण्याचा प्रयत्न केला, परंतु ठेका पुढे जाई आणि पाय मागे राही. दिंड्यांमागून दिंड्या मला ओलांडून गेल्या. प्रत्येक जण ‘चला माउली’ म्हणत होता आणि त्या दोन शब्दांचाही मला त्रास होऊ लागला होता. कशासाठी चालतो आहोत, हा प्रश्न थकव्याने येतो असे लोक म्हणतात. मला तो तिथे पूर्ण शुद्धीत पडला होता. ज्या देवळात आपल्याला शिरायचेच नाही, त्याच्या दिशेने तीन पिढ्या पाय फोडून घेत का चालाव्यात?

शिंगणापूर फाट्याच्या अलीकडे रस्त्यापासून थोडे आत दहा-बारा घरे होती. पहिल्या घरापुढे पत्र्याच्या छपराखाली पाण्याचा पिंप आणि बाजेवर बसलेली साठीची एक बाई दिसली. घरावर पंचशील ध्वज होता. मी पाणी मागितले. तिने तांब्या भरून दिला, माझ्या पायाकडे पाहिले आणि म्हणाली, “दादा, बसा. असं चाललात तर नातेपुत्यात पोचायचा नाहीत.”

तिने सुनेला सुई-दोरा, हळद आणि कोमट पाणी आणायला सांगितले. माझा पाय तिने आपल्या मांडीवर ओढून घेतला. मी अवघडून पाय मागे घेऊ लागलो तर तिने घोटा घट्ट धरला. दरवर्षी इथे कितीतरी पाय येतात, त्यातला हा एक, अशा सरावाने तिने मळ धुतला, सुई दिव्याच्या ज्योतीवर धरली, फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढली आणि दोरा तसाच आत ठेवून दोन्ही टोके कापली. “दोरा राहू द्या. पाणी निघत राहील, कातडं सोलायचं नाही.” मग खोबरेल तेलात हळद कालवून तिने लेप दिला, जुन्या सुती पातळाची पट्टी बांधली आणि उजवा गुडघाही न विचारता चोळायला घेतला. हे सर्व होईपर्यंत ती फारशी बोलली नाही. मी मात्र बोलत होतो. वेदनेत माणूस उगाच बोलतो. दरवर्षी वारीला येता का, असे मी तिला विचारले.

“नाही, आम्ही जात नाही. पाणी ठेवतो,” ती म्हणाली.

थोड्या वेळाने आपणहून तिने पुढचे सांगितले. तिचे आजे-सासरे वारी करीत. ते पंढरपुरापर्यंत चालत जात आणि महाद्वारासमोरच्या चोखोबांच्या समाधीशी डोके टेकून परत येत, कारण त्यांच्या वाट्याला देऊळ तिथपर्यंतच होते. 1956 साली बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली. पुढे या वस्तीने घरातले देव काढले आणि वारीही थांबली. देऊळ उघडले होते तेव्हा ते आत गेले होते का, असे मी विचारले. “नऊ वर्षं मिळाली होती त्यांना,” ती म्हणाली. “गेले नाहीत. म्हणायचे, बोलावलं नव्हतं, कायद्यानं ढकललं होतं.” हे सांगताना तिच्या आवाजात कसलाही आरोप नव्हता. सून चहा घेऊन आली.

मी माझ्या आजोबांविषयी तिला काहीच सांगितले नाही. सांगून मोकळे व्हावे असे क्षणभर वाटले होते, परंतु ते ओझे तिच्या मांडीवर ठेवण्याचा मला काय अधिकार होता? निघताना पैसे देण्याचा विचार मनात आला आणि तो मनातच राहिला, कारण तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते शक्य नव्हते. मी हात जोडून ‘जय भीम’ म्हणालो. तिने ‘जय भीम, सावकाश जा’ म्हटले आणि ती पिंप भरायला वळली.

नातेपुत्यापर्यंतचा उरलेला रस्ता मी एकट्याने चाललो आणि ती दोन माणसे माझ्याबरोबर चालत होती. दोघेही त्याच महाद्वारासमोर उभे राहिले होते, कदाचित एकाच आषाढीलाही. दोघेही आत गेले नाहीत. पण त्यांना एका मापाने मोजता येणार नाही. तिच्या आजे-सासऱ्यांनी ज्या दाराकडे पाठ फिरवली, त्या दाराने आधी शतकानुशतके त्यांच्याकडे पाठ फिरवली होती, आणि त्यानंतर त्या घराने स्वतःची नवी वाट धरली. बाबासाहेबांच्या मागे जाऊन जुने जे सोडायचे ते एकदाच आणि पुरते सोडले. माझे आजोबा दार उघडले म्हणून रुसले. दुसरा माणूस आत आला एवढ्याने ज्यांचा देव बाटला, त्यांची तपश्चर्या मी एवढी वर्षे मनोमन थोर मानत आलो होतो. ते प्रेमळ होते, माझ्यासाठी वाखरीच्या बाजारातून लाकडी बैल आणीत, आणि ते चुकीचे होते. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाविषयी खऱ्या आहेत आणि त्यातली एकही मला आता लपवायची नाही.

त्या रात्री समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावला आणि एवढ्या जनसमुदायाचा आवाज एका क्षणात थांबला. ज्या दिंडीची तक्रार होती तिचे टाळ तेवढे वाजत राहिले, चोपदार तिकडे गेले, गाऱ्हाणे ऐकले आणि मग तेही शांत झाले. तक्रार करण्याची इतकी सुंदर रीत मी अन्यत्र पाहिलेली नाही.

वेळापूरच्या मुक्कामी, भाकरी झाल्यावर, मी राहुटीत ज्येष्ठांपुढे विषय काढला की वीणा आमच्या घरातच राहावी हा नियम आता सोडावा; ज्याला चाली आणि अभंगांचा क्रम येतो त्याने ती घ्यावी, आणि तो पुरुषच असला पाहिजे असेही नाही. आमच्या तुळशीवाल्यांमध्ये एक काकू आहेत ज्यांना सगळ्या मालिका मुखोद्गत आहेत आणि टाळकरी अडले की ज्या मागून हळूच पुढचे चरण पुरवतात. वाद बराच झाला. परंपरा मोडता येत नाही, असे एक जण म्हणाले. त्यावर पखवाजी म्हणाला की 2020 मध्ये पादुका एसटीने पंढरपुरी गेल्या तेव्हा परंपरा मोडली होती का? मी त्यांना आठवण दिली की तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये ज्ञानोबा आणि तुकोबा या दोघांच्या पादुका एका पालखीत घेऊन सोहळा सुरू केला, पुढे हैबतबाबांनी माउलींची पालखी स्वतंत्र केली, घोडे आणि तंबू आणले, दिंड्यांना शिस्त लावली. आपण ज्याला मूळ म्हणतो तोही कोणीतरी केलेला बदलच होता. एक ज्येष्ठ सकाळी आमच्या पंगतीला आले नाहीत, शेजारच्या दिंडीत जेवले. दुसऱ्या दिवशी काकूंनी वीणा घेतली ती विसाव्यापर्यंतच, पुढे त्यांनी स्वतःच परत दिली आणि म्हणाल्या, “पुढच्या वर्षी वाखरीपर्यंत घेईन.” भांडीशेगाव, बाजीराव विहिरीचे रिंगण, वाखरी हे सारे नंतर गर्दीत आणि धुळीत गेले.

एकादशीला मीही कळसालाच हात जोडले. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला, दिंडीचा ट्रक गावाकडे निघाला आणि मी मागे राहिलो. प्रथम चोखोबांच्या समाधीपाशी गेलो. नंतर दर्शनबारीत लागलो. पूर्ण रात्र त्या रांगेत गेली. पुढे एक तान्हे मूल रडत होते, मागे कोणीतरी माझ्या पाठीवर टेकून उभ्याउभ्या झोपले होते, पायातला दोरा अजून आतच होता. गाभाऱ्यात पोहोचलो तेव्हा पहाट झाली होती. 2024 मधल्या जीर्णोद्धाराच्या कामात चांदीचे आवरण काढल्यामुळे जुना दगड उघडा दिसतो. सेवेकऱ्याने मान खाली दाबली, कपाळ पायांना लागले, लगेच दंडाला धरून मला पुढे सरकवले. एवढेच. तो दगड होता आणि मी रडत होतो, आणि आत काही उरले आहे की नाही, हा प्रश्न मला तिथे एकदाही पडला नाही.

बाहेर येऊन मी आत्याला फोन केला. आजोबांच्या लेकरांपैकी आता तीच एक आहे आणि तिनेही आयुष्यभर कळसच पाहिला आहे. ती बराच वेळ बोलली नाही. मग रागावली, आबांचे नाव घेतले, अण्णांचे घेतले, तुला एकट्याला कोणी अधिकार दिला असे विचारले. मी ऐकून घेतले. शेवटी तिने विचारले की विटेवरचे पाय हाताला कसे लागतात, थंड की कसे. मी सांगितले. कार्तिकीला आषाढीपेक्षा गर्दी कमी असते का आणि दर्शनबारीत गुडघेदुखीच्या म्हाताऱ्या माणसांची वेगळी सोय आहे का, याची तिने मला आजच चौकशी करायला सांगितले आहे.