वरच्या मजल्यावरच्या काकू आणि आपली बाग

रो-हाऊसच्या बागेत खरा प्रॉब्लेम कंपाऊंडचा नसतोच, तो वरून बघणाऱ्यांचा असतो, म्हणजे आपण गाऊनवर निवांत चहा घेत बसलोय आणि समोरच्या बिल्डिंगमधून काकू विचारतायत, आज उशीर झाला वाटतं? भिंत वाढवून वाढवून किती वाढवणार! त्यापेक्षा बसायच्या जागी खुर्ची टाका, नजर नेमकी कुठून येते बघा आणि तेवढंच झाका, अख्ख्या बागेला तटबंदी कशाला. वरून दिसत असेल तर छोटा मांडव घालून मधुमालती चढवा, मस्त दाट होते, फक्त छाटणीचा कंटाळा नको. बाजूला कुंती लावा, नर्सरीत कामिनी म्हणतात, दोन-दोन फुटांवर लावली की बारमाही हिरवं कुंपण आणि फुलांचा वास तर अहाहा! बांबू घेताना मात्र बेटाने वाढणाराच मागा, काही जाती जमिनीखालून पसरत थेट शेजाऱ्यांकडे उगवतात आणि मग भांडणं. झाडं वाढेपर्यंत हिरवी शेडनेट बांधा, बांधकाम चालू असल्यासारखं दिसतं, पण दिसू दे.