बांधापाशी संपणारे रस्ते

परवा दुपारी डिलिव्हरीच्या पोराचा फोन. "काका, मॅपवर चाळीस मीटर दाखवतंय, पण म्होरं भिंत हाय. उडी मारू काय?" म्हटलं, नको बाबा, मागं फीर, मेन रोडला लाग आणि पंपापासनं डावीकडं ये.

ती भिंत म्हणजे मुळात बांध. कोल्हापूरच्या पाचगावकडल्या या भागात एकेकाचं रान एकेकदा विकलं गेलं. ज्यानं त्यानं आपापल्या गटात प्लॉट पाडले, मधून वीसफुटी रस्ता काढला आणि तो बांधापाशी नेऊन संपवला. पलीकडचा रस्ताही पलीकडून येऊन तिथंच संपला. दोन्ही समोरासमोर, पण जोडायचे कुणी? त्या दोन चुलतभावांचं बोलणंच नव्हतं. रानं गेली, भाऊबंदकी तेवढी आमच्या पत्त्यात राहिली.

सलग जातो तो एकच रस्ता, आणि तो वाकडा. ती जुनी पाणंद. बैलगाड्या ओढा चुकवत जायच्या, म्हणून आता स्कूलबस वळते. कुठंही गेलो की इथं आधी काय होतं, हे विचारल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. बायको म्हणते, "लोक वास्तुशांतीला बोलावतात आणि तुम्ही सात-बारा काढत बसता."

लहानपणी इकडं यायचं ते गुऱ्हाळं पेटली की, वडिलांच्या सायकलच्या नळीवर बसून. काहिलीत रस उकळत असायचा. रानभेंडीचा चिकट रस पडला की मळी वर यायची, गुळव्या ती काढत राहायचा आणि आमच्याकडं न बघताच उसाच्या कांडक्यावर गरम गुळाचा लपका द्यायचा. जीभ भाजायची, तरी कुणी फुंकर मारत बसायचं नाही. तिथं आता मंगल कार्यालय आहे. जेवण बरं असतं, जिलेबी जरा मऊ.

तसं रानातळ्यांवर शहर बसणं हे आजचं नाही. शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारासाठी शाहूपुरी वसवली, गुळाची पेठ तिथं फुलली. पुढं कपिलतीर्थाच्या तळ्यावर मंडई बसली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. पावसाळ्यात ते स्वतःला अजून तळंच समजतं. १९७२ ला महानगरपालिका झाली, पण हद्द ६६.८२ चौरस किलोमीटरवर अडली आणि घरं तेवढी पुढं निघून गेली. हद्दवाढ म्हटलं की शहर हो म्हणतं, गावं नाही म्हणतात. मग २०१७ ला ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण आलं. तोवर आमची भिंत जुनी झाली होती.

आमचा भाग उंचावर, म्हणून हे मजेत लिहितोय. पंचगंगेच्या कडेलाही प्लॉट पडलेत. पूर तिथं पूर्वीही यायचा, उसात बसायचा, नुकसान करून ओसरायचा. २०१९ ला आणि २०२१ ला आला तेव्हा तिथं बेडरूम होत्या. लोकांनी गाद्या गच्चीवर नेल्या, फ्रीज खालीच राहिले. आता पुराची निळी रेषा, लाल रेषा सगळं नकाशावर आहे. प्लॉट दाखवायला मात्र एजंट उन्हाळ्यातच नेतात.