पे-स्लिपवरचे साडेतीनशे पौंड

हिंजवडीत बसून मी इंग्लंडमधल्या एका मालवाहतूक कंपनीचे पगार करते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, की आमची शिफ्ट तासभर पुढे सरकते. घरच्यांना या कामातलं एवढंच दिसतं. बाकी कटऑफ, पगाराच्या दिवसापर्यंत सरकारला पोचलीच पाहिजे अशी फाइल आणि टिकटांचा, म्हणजे नोंदवून आलेल्या तक्रारी-शंकांचा ढीग. यातलं बरंचसं शिफ्टबरोबर संपतं. २०२५ च्या नोव्हेंबरातलं एक टिकट मात्र बंद होऊनही माझ्या डोक्यात उघडंच आहे.

त्या वर्षी वसंतात क्लायंटच्या एचआरने पेन्शनसाठी सॅलरी सॅक्रिफाइस आणलं. सोबत रंगीत पत्रक. एरवी कर्मचारी आपल्या पगारातून पेन्शन भरतो. इथे तो करारच बदलून घेतो. महिना २,८०० पौंडांचा पगार कागदोपत्री २,४५० होतो आणि उरलेले ३५० कंपनी आपल्या नावाने त्याच्या पेन्शनमध्ये भरते. आयकराची सवलत आधीही होतीच. नवा फायदा नॅशनल इन्शुरन्सचा, म्हणजे तिथल्या सामाजिक सुरक्षेसाठी कर्मचारी आणि कंपनी दोघांनी भरायच्या वर्गणीचा. ही वर्गणी पगारावर लागते, आणि हे ३५० आता पगार उरलेले नाहीत. कर्मचाऱ्याचे ८ टक्के वाचतात, म्हणजे २८ पौंड. कंपनीचे १५ टक्के, म्हणजे साडेबावन्न. काही कंपन्या आपली बचतही कर्मचाऱ्याच्या पेन्शनमध्ये टाकतात. आमच्या क्लायंटने ती ठेवून घेतली. पत्रकात ‘तुमची बचत’ ठळक अक्षरांत होती, कंपनीची बचत जवळजवळ दुप्पट आहे हे बारीक अक्षरांतही नव्हतं.

एक गोष्ट आम्ही चोख बसवली होती, आणि तिचा मला अभिमान आहे. कपातीनंतरचा पगार किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात २१ आणि त्याहून जास्त वयाच्यांसाठी तो दर तासाला १२.२१ पौंड होता. महिन्याला तास कमीजास्त होणाऱ्या लोकांसाठी ही तपासणी दर पगाराला नव्याने करावी लागते. आमची सिस्टीम ती करते आणि बसत नसेल तर कपात आपोआप थांबवते. त्यामुळे गोदामात माल चढवणारी बरीच माणसं या योजनेतून बाहेर राहिली. ज्यांना २८ पौंड खरोखर जाणवले असते, नेमके तेच.

ते टिकट ऑफिसात काम करणाऱ्या एका कर्मचारी बाईंचं होतं. वर दिलेले आकडे त्यांचेच. नोव्हेंबरच्या मध्याला त्यांचा मॅट-बी-वन आला. गरोदरपणाचा हा दाखला मिडवाइफ किंवा डॉक्टर देतात. बाळंतपण ८ फेब्रुवारीच्या आठवड्यात अपेक्षित. तिथली मॅटर्निटी पे ३९ आठवड्यांची. पहिले ६ आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के, पुढचे ३३ आठवडे आठवड्याला फार तर एक ठरावीक रक्कम, २०२५-२६ मध्ये १८७.१८ पौंड. आपल्याकडच्या २६ आठवड्यांच्या पूर्ण वेतनाची सवय असलेल्या नव्या मुलांना हे पहिल्यांदा खरं वाटत नाही.

खरी मेख त्या सरासरीत आहे. ती काढतात अपेक्षित आठवड्याच्या पंधरा आठवडे आधीचा आठवडा धरून, त्याच्याही मागच्या साधारण आठ आठवड्यांच्या पगारावर. बाईंच्या बाबतीत सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पगार. आणि पगार म्हणजे कपातीनंतरचा, २,४५०. आठवड्याला ५६५.३८. योजनेत नसत्या तर ६४६.१५ धरले असते. सहा आठवड्यांत फरक ४३६ पौंडांचा. महिना २८ वाचवायला गेल्या, आणि पंधरा महिन्यांत वाचलं असतं त्याहून जास्त दीड महिन्यात गेलं.

शेजारी बसणारा ज्युनिअर म्हणाला, “ताई, गणित चुकलंय का?” दोनदा पडताळून झालं होतं. गणित बरोबरच होतं.

योजनेच्या नियमपुस्तिकेत एक कलम होतं. गरोदरपणासारख्या कारणासाठी वर्षाच्या मध्येही कपात थांबवता येते. पण मॅट-बी-वन अपेक्षित आठवड्याच्या वीस आठवडे आधी देताच येत नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यातच तो निघू शकला असता, आणि सरासरीचा काळ ऑगस्ट संपताना सुरू झाला होता. दाखला हातात यायच्या आधीच घड्याळ चालू झालेलं. कागद बघून सावध करायची सोय या रचनेत नाहीच. सांगायचं तर सही घेतानाच सांगायला हवं, म्हणजे त्या रंगीत पत्रकात.

मी एचआर मॅनेजरना लिहिलं, फरक कंपनीने भरून द्यावा. उलट त्यांनीच कॉल लावला, २६ नोव्हेंबरला. त्यांचा मुद्दा भलताच होता: रजेत बाई काहीच सोडणार नाहीत, मग ते ३५० आम्ही का भरायचे? मॅटर्निटी पेमधून कपात करता येत नाही हे खरं. पण पगारी रजेत कंपनीने आपली पेन्शनची वर्गणी, बाई कामावर असल्यासारखी, पूर्ण भरायची असते. आणि हे ३५० कंपनीचीच वर्गणी आहेत. तसा करार केला म्हणून तर तुमचे साडेबावन्न वाचतात. मी हे शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग “आमच्या वकिलांना विचारते”. आणि लगेच कॉल संपला, कारण त्यांच्याकडे सरकारी बजेटचं भाषण सुरू होणार होतं. त्याच भाषणाच्या दिवशी जाहीर झालं की एप्रिल २०२९ पासून अशा पेन्शन कपातीवर वर्षाला २,००० पौंडांपर्यंतच नॅशनल इन्शुरन्सची सूट राहणार. बाईंची कपात ४,२०० ची.

वकिलांनी आमचंच म्हणणं धरलं. म्हणजे नऊ महिन्यांत बाईंच्या पेन्शनमध्ये कंपनीकडून ३,१५० पौंड जाणार, त्यांच्या खिशाला एक पैचीही झळ न लागता. मी जमाखर्च मांडला तर त्या चांगल्याच फायद्यात आहेत. इथेच माझं मन अडकतं. ते पैसे त्यांना वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षाआधी काढता येणार नाहीत आणि पाळणा फेब्रुवारीत घ्यायचाय. त्यांच्या उत्तरात एवढाच प्रश्न होता: मला आधी बाहेर पडता आलं असतं का? मी कलमाचा क्रमांक पाठवला. दुसरं काय पाठवणार?

४३६ पौंड कंपनीने दिले नाहीत. “पायंडा पडेल.” एवढ्या मोठ्या कंपनीला मॅटर्निटी पेचे ९२ टक्के सरकारकडून परत मिळतात, तेव्हा कमी सरासरीने वाचले तेही बहुतेक सरकारचेच. पण ही भरपाई तिच्या खिशातून गेली असती, म्हणून नाही.

नवं पत्रक जानेवारीत आलं. २०२९ च्या मर्यादेसाठी त्यात अख्खी चौकट आहे. बाळंतपणाबद्दल मी पाठवलेल्या दोन ओळी नाहीत. विचारलं तर, पत्रक एका पानात बसवायचं होतं, असं कळवलं.