आमची वाटचाल : ओल्या जागेसाठी बाल्ड सायप्रस

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पूर्वेकडच्या सखल भागात आमची नर्सरी आहे. सुरुवातीला शोभेची सगळीच रोपं ठेवत होतो. पुढे नव्या वसाहतींत पावसाचं पाणी साठवायला तळी होऊ लागली, काठासाठी झाडांची विचारणा वाढली आणि आम्ही बाल्ड सायप्रस या दलदलीत वाढणाऱ्या सूचिपर्णी झाडावरच भर दिला. झाड इथलंच आहे. याच राज्यात ब्लॅक नदीकाठचं एक झाड किमान २,६२४ वर्षांचं असल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं.

आधी तयार रोपं आणून वाढवत होतो, आता बियांपासून करतो. शरद ऋतूत शंकू (बी असलेली बोंडं) तपकिरी होऊ लागले की उतरवायचे. बरंच बी पोकळ निघतं, म्हणून पेरणी दाट. त्याआधी ओल्या पीट मॉसमध्ये (अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या भुशात) ३ ते ५ अंश सेल्सियसला ९० दिवस थंडी द्यावी लागते.

‘पाण्यातलं झाड’ म्हणून लोक वीतभर रोप थेट तळ्यात लावतात, तिथेच घात होतो. बी पाण्याखाली रुजत नाही. कोवळं रोप वाढीच्या दिवसांत आठवडेच्या आठवडे शेंड्यासकट बुडालं तर मरतं. म्हणून तळ्याची सर्वांत वरची पाणीपातळी विचारल्याशिवाय आम्ही रोप देत नाही. शेंडा तिच्या वर राहायलाच हवा. गोल कुंडीत मुळं वेटोळी घालतात, त्यामुळे आता कापडी पिशव्या वापरतो.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गोळ्याइतकीच. चिकणमातीत गोळा दोन-तीन इंच वरच ठेवायचा. मातीचा सामू (पीएच) ७.५ च्या वर असेल तर पानं पिवळी पडतात. अशा जागी आम्ही हे झाड सुचवतच नाही. ओल्या जमिनीत मुळांवर खुंटांसारखे उंचवटे येतात आणि गवत कापायचं यंत्र त्यांवर अडकतं, म्हणून पायवाट आणि हिरवळीपासून लांबच लावा.

शरदात पानं तांबूस होऊन बारीक डहाळ्यांसकट गळतात. झाड मेलं समजून कुणी ते काढू नये, म्हणून प्रत्येक रोपाला तशी चिठ्ठी बांधतो. डॉन रेडवूड हा याच्यासारखा दिसणारा वृक्षही असाच पानगळ होणारा. त्याची पानं समोरासमोर, बाल्ड सायप्रसची एकाआड एक. तोही आम्ही ठेवतो, पण पाणी मुरणाऱ्या ओलसर जमिनीसाठी. साचलेल्या पाण्यासाठी बाल्ड सायप्रसच.