कळकणं: पितळेतलं ताक हिरवट का होतं

ताक आंबतं, दूध नासतं, कापडाचा रंग विटतो. कळकणं याहून वेगळं. तांब्या-पितळेच्या किंवा काशाच्या भांड्यात आंबट पदार्थ राहिला आणि धातू त्यात उतरला, तरच तो कळकला म्हणायचं. त्यामुळे ‘स्टीलच्या डब्यात वरण कळकलं’ हा प्रयोग चुकीचा आहे; ते वरण आंबलेलं असतं.

ओळखायचं कसं? ताक, दही, आमटी कडेने हिरवट-निळसर दिसते आणि जिभेवर तुरट, धातूची चव येते. आंबटातलं आम्ल आणि हवा मिळून तांब्यावर काम करतात, तांब्याचे क्षार तयार होऊन पदार्थात मिसळतात. चिंचेने घासलं की पितळ लखलखतं, तेही आम्लामुळेच. तिथे निघालेला थर आपण धुऊन टाकतो, इथे तो पोटात जातो. त्याने मळमळ, उलट्या, पोटदुखी होऊ शकते. उकळून किंवा गाळून क्षार जात नाहीत, म्हणून कळकलेलं सरळ टाकून द्यावं. तूपही कळकतं, पण सावकाश: जुन्या तुपातली स्निग्धाम्लं तांब्याशी जुळून हिरवी झाक येते.

उपाय एकच, कल्हई, म्हणजे भांड्याला आतून कथलाचा (टिनचा) पातळ थर. भांडं आतून स्वच्छ करून तापवतात, नवसागर (अमोनियम क्लोराइड) भुरभुरतात, कथील टेकवून ते वितळलं की कापसाच्या बोळ्याने झपाझप सगळीकडे फिरवतात. नवसागर चुकवून चालत नाही. धातूवरचा काळा थर तोच काढतो, नाहीतर कथील धरत नाही आणि मधेमधे उघडे ठिपके राहतात. तेवढ्या ठिपक्यांतूनही पदार्थ कळकतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, तेव्हा कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवू नये. आत तारेची घासणी नको, लाकडी डाव वापरावा. पांढऱ्या थराखालून पिवळा किंवा लालसर धातू दिसू लागला की पुन्हा कल्हई करून घ्यायची वेळ झाली.

आणि कल्हई असली तरी आंबट शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढावं. तांब्याच्या कळशीतलं साधं पाणी चालतं, त्यात लिंबू मात्र पिळू नये.

लोखंडी कढईत वांगं किंवा आवळा काळा पडतो, त्यालाही हल्ली काहीजण कळकणं म्हणतात. ते लोह आणि भाजीतल्या तुरट द्रव्यांचं काम. दिसायला वाईट, पण विषारी नाही. त्याला ‘काळं पडलं’ एवढंच म्हणावं.